मावंदे अजून बाकी आहे

मार्गशीर्षातील गोष्ट. सोलापुरात एका स्नेह्यांच्या घरी मावंद्याचे आमंत्रण होते. यजमान पती-पत्नी काशी, प्रयाग आणि अयोध्या करून नुकतेच परतले होते. चौरंगावर गंगाजलाची लोटी ठेवलेली, तिच्यावर हळदीकुंकू, शेजारी समई. गंगापूजन झाले, आरती झाली, पंक्ती बसल्या. वाढप चालू असतानाच यजमानांचा मोबाईल हातोहाती फिरू लागला. घाटावरची छायाचित्रे, संध्याकाळची गंगाआरती, शरयूचा काठ. पाहुणे विचारत होते, कोणत्या टूरबरोबर गेलात, किती दिवसांत आटोपले, जेवण आपल्याकडचे मिळाले का, दर्शनाला किती वेळ लागला. यजमान उत्साहाने उत्तरे देत होते.

इतक्यात पंक्तीच्या टोकाला बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी घरच्या सुनेला विचारले, “काशीत काय सोडलंस गं?”

सुनेने पटकन उत्तर दिले, “काही नाही राहिलं हो आजी, सगळं सामान मोजून आणलं.”

पंक्तीत हशा पिकला. आजीही हसल्या आणि प्रश्न तेथेच विरला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही.

काशीला गेलेल्या माणसाने तेथे आपल्या आवडीचे एखादे फळ, एखादी भाजी कायमची सोडून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कोणी आंबा सोडी, कोणी वांगे. पुढे आयुष्यभर ते फळ पानात आले की हात आखडे आणि विश्वेश्वराचे स्मरण होई. वांग्यात पाप आहे असे कोणी मानत नव्हते. यात्रेने माणसात काही बदल घडावा आणि त्याची खूण रोजच्या ताटात दिसावी, एवढाच त्यामागचा भाव. मावंद्याचेही तसेच. जो गेला त्याने आणलेले पुण्य, जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यासह वाटून घ्यायचे. यात्रा विश्वनाथाच्या गाभाऱ्यात पुरी होत नसे, ती आपल्या गावात, आपल्या माणसांच्या पंक्तीत पुरी होई. काय सोडले आणि काय आणले, या दोन प्रश्नांवर आपल्या पूर्वजांची तीर्थयात्रा तोलली जात असे. आज आपण विचारतो ते प्रश्न निराळे आहेत आणि हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले ते दक्षिणेच्या आशेने. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरकडे मोठा यज्ञ होणार असल्याची वार्ता आली होती. पुढे ते स्वातंत्र्यसमराच्या वणव्यात सापडले, झाशीचा संहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, उपाशी राहिले. मिळवलेला पैसा जवळजवळ सगळा गेला. परंतु परत येताना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती आणि त्या गंगोदकाने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. ते एका मुलाने पुऱ्या केलेल्या यात्रेचेही पुस्तक आहे. हातात पैसा उरला नाही, तरी यात्रा रिकाम्या हाताने झाली नव्हती.

आजचा प्रवास सुखाचा झाला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. रेल्वे, विमान आणि यात्रा कंपन्यांमुळे गुडघे दुखणाऱ्या मातापित्यांनाही रामेश्वर, बदरीनाथ घडते. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाचा परिसर मोकळा झाला, २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामांची प्राणप्रतिष्ठा झाली, २०२५ च्या आरंभी प्रयागच्या महाकुंभात सोलापूरकरही मोठ्या संख्येने न्हाले. २०२० पासून बंद पडलेली कैलास-मानसरोवराची वाटही २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. पिढ्यानपिढ्या जे दर्शन मोजक्यांच्या नशिबी होते, ते सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आले ही आनंदाचीच गोष्ट. कष्ट म्हणजेच भक्ती, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की वाटेतले कष्ट कमी झाले, तेव्हा वाचलेली ती शक्ती आपण कोठे लावली?

हा प्रश्न सोलापूरकरांनी विचारायला हवा, कारण आपण यात्रेच्या चौरस्त्यावर राहतो. पश्चिमेला पंढरी, उत्तरेला तुळजाभवानी, आग्नेयेला अक्कलकोटचे स्वामी आणि पुढे सीमेपलीकडे गाणगापूर. येणारा जाणारा भाविक आपल्या स्थानकावरून आणि आपल्या बसस्थानकातून जातो. दुसऱ्याची यात्रा घडविण्याचे काम जन्माने वाट्याला आलेली अशी गावे थोडी असतील. आणि याहून मोठे कारण असे की, हे शहर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या श्री सिद्धरामेश्वरांचे चरित्र म्हणजेच एका यात्रेची कथा आहे.

ती कथा येथल्या घराघरांत सांगितली जाते. बाराव्या शतकातील सोन्नलगी हे लहानसे गाव. बाल सिद्धराम शेतात राखणीला बसलेला असताना एक जंगम आला. आपले नाव मल्लय्या आणि गाव श्रीशैल, असे त्याने सांगितले. मुलाने त्याला हुरडा खाऊ घातला. मग जंगमाने दहीभात मागितला. मुलगा धावत घरी जाऊन तो घेऊन आला, तर पाहुणा नाहीसा झालेला. ‘मल्लय्या, मल्लय्या’ असा टाहो फोडीत मुलगा यात्रेकरूंच्या मागे श्रीशैलाला पोचला. देवळात मूर्ती होती, पण आपल्या हातचा हुरडा खाणारा मल्लय्या तेथे नव्हता. अखेर तो कड्यावरून उडी घ्यायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला सावरले. येथवरची कथा भक्तीच्या इतर अनेक कथांसारखी आहे. खरे वेगळेपण पुढे आहे. एवढ्या ओढीने आलेल्या त्या मुलाला देवाने आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. परत जा आणि आपल्या गावाचेच श्रीशैल कर, असे सांगून त्याला सोन्नलगीला धाडले.

सिद्धराम परतले आणि त्यांनी तलाव खोदायला घेतला.

या एका गोष्टीचा आपण पुरेसा विचार केला आहे काय? देव प्रत्यक्ष भेटलेला माणूस गावी येऊन कुदळ हाती घेतो. पावसाने तोंड फिरवलेल्या या मुलखात, जेथे आपण आजही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची सवय करून घेतली आहे, तेथे साडेआठशे वर्षांपूर्वी एका योग्याने धर्म म्हणजे पाणी हे ओळखले. गावाभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. अडुसष्ट तीर्थे ही आपल्या परंपरेतील संपूर्ण भारतयात्रेची संख्या. ज्याला देशभर फिरणे शक्य नाही, त्या गरीब शेतकऱ्याला, कष्टकरी बाईला गावाची वाट चालता चालता सगळी तीर्थे घडावीत, अशी ही योजना होती.

आपल्या संतांनी या कार्याची कठोर परीक्षाही घेतली आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले तेव्हा तलावाचे काम चालू होते. तुमचा तो दगड फोडणारा वडार सिद्धराम कोठे आहे, असे त्यांनी लोकांना खोचकपणे विचारले, अशी कथा आहे. बाहेरची मंदिरे आणि तळी बांधून आतला अहंकार जातो काय, असा त्या विचारण्याचा रोख. सिद्धरामांनी तो बोल सोसला आणि ते अल्लमप्रभूंबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. ही त्यांची दुसरी यात्रा. पहिलीने त्यांना कर्म दिले, दुसरीने ज्ञान. दोन्ही यात्रांचा शेवट मात्र एकच, सोन्नलगीला परत येणे. त्यांची समाधी त्याच तलावातील मंदिरात आहे. ज्यांना अल्लमप्रभूंनी वडार म्हणून हिणवले, त्यांना वडार समाज आज आपला गुरू मानतो. या इतिहासात केवढा अर्थ भरला आहे!

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाच्या अक्षता पडतात. निरनिराळ्या समाजांना त्यात मान आहे. उंच नंदीध्वज तोलून धरणारे बाराबंदीतील तरुण पाहिले की ऊर भरून येतो. परंतु आम्ही आमच्या परिचयातील कितीतरी कुटुंबांना विचारून पाहिले आहे. सिंगापूर झाले आहे, चारधाम झाले आहे, युरोपचे बेत चालू आहेत. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा मुलांना घेऊन एकदा तरी केली आहे काय, असे विचारले की लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. सिद्धरामांनी श्रीशैल गावात आणले आणि आपण त्याच्या अंगणातून श्रीशैलाची तिकिटे काढतो आहोत. तिकिटे काढू नयेत असे नव्हे. अंगण तेवढे विसरू नये.

परदेशचा विषय निघाला आहे तर तोही बोलू. मुले-बाळे नोकरीनिमित्त परदेशी असल्याने आपल्या मध्यमवर्गीय घरांतील ज्येष्ठांना आता विमानप्रवासाचे अप्रूप राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी लंडनला गेलो असताना आम्ही नीस्डनचे स्वामिनारायण मंदिर पाहिले. १९९५ मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर भारतात कोरलेले दगड तेथे नेऊन उभारले आहे. आमच्या मनात राहिला तो मात्र पादत्राणांजवळ उभा असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. तो येणाऱ्यांचे बूट नीट लावून ठेवीत होता. सहज चौकशी करता कळले की आठवडाभर तो हिशेबनिसाचा व्यवसाय करतो आणि सुटीच्या दिवशी येथे सेवेला येतो. आमचा भाचा म्हणाला, “मामा, आपल्याकडे एवढी शिस्त का नसते?” आम्ही म्हणालो, “अरे, तो आपल्याकडचाच आहे.”

विमानतळावर उतरेपर्यंत हे उत्तर आम्हाला आवडले होते. त्यानंतरच्या आषाढ द्वादशीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिलो, तेव्हा ते अपुरे वाटू लागले. लाखो पावलांनी पवित्र केलेल्या त्या वाळूत प्लास्टिकच्या पिशव्या, द्रोण, बाटल्या आणि स्नानानंतर टाकलेले जुने कपडे पसरलेले होते. राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ अभियान जाहीर केले. ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी राहिली आणि पहाटे उठून ती व्यवस्था पाहणारे तरुण स्वयंसेवक आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांना वंदन. पण नदीत कपडा सोडणारा हात सरकारचा नसतो. काशीत काय सोडलंस, असे आजी विचारत होत्या. चंद्रभागेत आपण काय सोडतो, याचे उत्तर त्या वाळवंटात पसरलेले होते.

पंढरीकडे पाहताना आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. वारीत वयाने, मानाने कितीही लहान माणूस समोर आला तरी मोठा त्याच्या पाया पडतो. ही समतेची शाळा शेकडो वर्षे चालू असताना विठ्ठलाच्या मंदिराचे दार मात्र अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. मंगळवेढ्याला भिंतीखाली गाडले गेलेले चोखोबा समाधिरूपाने महाद्वारापाशी आले ते बाहेरच राहिले. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण करावे लागले. देश स्वतंत्र व्हायला जेमतेम तीन महिने उरले होते. ते दार उघडले, तेव्हा कोठे आपल्या साऱ्यांचीच वारी पुरी झाली. आज जातीचे दार उघडे आहे, पण ओळखीचे आणि पैशाचे निराळे दार आपण ठिकठिकाणच्या देवळांत नव्याने करू लागलो आहोत. रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला ओलांडून पाच मिनिटांत घेतलेले दर्शन, ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट झाली आहे. नामदेवांनी महाद्वाराची पायरी होऊन येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ मागितली. त्या पायरीवरून पाऊल टाकून आत जाताना, आपण कोणाला मागे सारून आलो हे आठवावे.

नामदेवांचेच उदाहरण पुढे न्यावेसे वाटते, कारण प्रत्येक यात्रेचा शेवट घरीच होतो असेही नाही. पंढरीचा हा भक्त पंजाबात गेला, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिला. त्याची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा तेथील शीख बांधवांनी मराठी पाहुण्यांचे केलेले स्वागत हे सात शतकांपूर्वीच्या एका यात्रेकरूचे मावंदे होते, असे आम्ही समजतो.

आणि सोलापूरच्या मातीने तर याहून दूरचा यात्रिक दिला आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांची शुश्रूषा हे त्यांचे काम. बरोबरचे चौघे यथाकाल मायदेशी परतले. कोटणीस राहिले. तेथील भाषा शिकले, तेथे संसार केला, युद्धभूमीवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे आणि आजही चिनी माणूस तेथे फुले वाहतो.

चीनच्या राजवटीविषयी आमच्या मनात कसलाही भ्रम नाही. १९६२ आम्ही विसरलेलो नाही आणि २०२० च्या जूनमध्ये गलवानला धारातीर्थी पडलेले आपले वीस जवानही विसरलेलो नाही. कोटणीसांनी अखेरीस जवळ केलेल्या राजकीय विचारांशीही आमचे जमणारे नाही. परंतु या साऱ्या वैराच्या पलीकडे, परक्या भूमीवर एका सोलापूरकराच्या समाधीपुढे लोक मान लववतात, हे सत्य उरतेच. ते तेथे देव शोधायला गेले नव्हते. ते काहीतरी द्यायला गेले आणि त्यांनी दिले तेच तीर्थ झाले. त्यांचे सोलापुरातील जन्मघर आज स्मारक आहे. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला चादरी आणि शेंगाचटणी घेऊन देतो. त्या घरी नेतो काय?

सिद्धराम परत आले, कोटणीस परतले नाहीत. दोघांच्या यात्रेतील साम्य मात्र एकच आहे. जेथे पाय थांबले, तेथे त्यांनी हात चालवले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी हेच राजसत्तेच्या पातळीवर केले. आपल्या राज्याच्या सीमेबाहेर काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या येणाऱ्या अनोळखी यात्रेकरूंसाठी. आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अक्कलकोटला १९८८ मध्ये सुरू झालेल्या अन्नछत्रात पंक्तीला बसणाऱ्याला कोणी जात वा गाव विचारत नाही, हाही त्याच परंपरेचा आजचा आविष्कार.

म्हणून आमच्या वाचकांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. येत्या वर्षात जी कुटुंबे देशात वा परदेशात यात्रेला जातील, त्यांनी परतल्यावर मावंदे जरूर घालावे. पुरणपोळी करावी, आप्तेष्ट बोलवावेत, छायाचित्रेही दाखवावीत. त्याआधीचा एक रविवार मात्र आपल्या गावच्या पाण्याला द्यावा. सिद्धेश्वर तलावाचा काठ असेल, गल्लीतली बुजत चाललेली विहीर असेल, भीमेचा घाट असेल. मुलांना बरोबर घ्यावे आणि ज्या गंगेची लोटी आपण आणली ती या पाण्यात का ओतायची, हे त्यांना सांगावे. काशीत काही सोडायचे तर नदीत कचरा टाकण्याची, रांग मोडून पुढे जाण्याची सवय सोडावी. वांग्यापेक्षा ती सोडणे अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

मावंद्याहून निघताना आम्ही त्या आजींना नमस्कार केला आणि विचारले, “तुम्ही काय सोडलं होतं काशीत?” त्या म्हणाल्या, “मी कुठली जातेय काशीला? मळ्यातनं सवड मिळाली नाही. दर संक्रांतीला लिंगांना तेल घालत हिंडले, एवढंच.”

अडुसष्ट तीर्थे झालेली ती माऊली पंक्तीच्या टोकाला बसली होती आणि आम्ही सारे मोबाईलमधली गंगा पाहत होतो.